म्हशीचा आजार गोगलगायीतून कसा येतो?

दिवाळी उलटली की गुरांच्या डॉक्टरांच्या मोबाइलवर एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. म्हशीच्या किंवा गायीच्या जबड्याखाली लोंबणारी सूज, पाणी भरल्यासारखी. सोबतची तक्रारही साधारण तीच: दूध निम्म्यावर आलंय, जनावर खातंय पण अंगाला लागत नाही, शेण पातळ आहे, डोळे पांढरे पडलेत. घसा सुजला असं समजून कुणी हळदीचा लेप लावतं, कुणी डागण्या देतं. दुखणं असतं यकृतात. आणि ते तिथं शिरलेलं असतं दोन-तीन महिन्यांपूर्वी, तळ्याच्या काठचं गवत चरताना, पात्याला चिकटलेल्या मोहरीहूनही बारीक ठिपक्यांतून.

पर्णकृमींचा हा आजार नवा नाही आणि दुर्मीळही नाही. तरी ज्यांच्या गोठ्यात तो वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे त्यांनाही तो पुरता उमगलेला नसतो. कारण घडतं एका जागी, परिणाम दिसतो दुसऱ्या जागी, आणि मध्ये एक गोगलगाय, बरंचसं पाणी नि कित्येक महिने जातात. म्हणून अगदी मुळापासून बघू.

## कोण हे पर्णकृमी?

जनावरांच्या पोटातल्या जंतांचे ढोबळ तीन गट पडतात. गोल अंगाचे ते गोलकृमी, लांबच लांब पट्टीचे ते पट्टकृमी आणि चपटे, पानाच्या आकाराचे ते पर्णकृमी. डॉक्टर ज्याला 'फ्लूक' म्हणतात तो हा तिसरा गट. त्यातला गुरांना सगळ्यात जास्त छळणारा यकृतात राहतो. भारताच्या मैदानी भागात, म्हणजे आपल्याकडेही, त्याची फॅसिओला जायगँटिका ही जात असते. काश्मीर-हिमाचलसारख्या थंड मुलखात आणि युरोपात फॅसिओला हिपॅटिका. ती दोन-तीन सेंटीमीटरची, आपल्याकडची सात सेंटीमीटरपर्यंत वाढते.

निरोगी यकृत मऊ आणि गुळगुळीत असतं, सुरीखाली सहज कापलं जातं. बाधित गायीच्या यकृतात पित्ताच्या नळ्या जाड, पांढरट होऊन वर उठलेल्या दिसतात. त्यांच्या भिंतीत चुना साठलेला असतो, त्यामुळे सुरी फिरवली की करकर आवाज येतो. नळी दाबली की तपकिरी चिकट पित्ताबरोबर करड्या रंगाचे चपटे जीव घसरत बाहेर येतात, आणि ते वळवळत असतात. पुढच्या निमुळत्या टोकाला तोंड, त्याभोवती एक चूषक, थोडं मागे पोटावर दुसरा. नळीच्या भिंतीला धरून ठेवायचं आणि रक्त प्यायचं, एवढंच त्याचं काम. प्रत्येक कृमी नरही असतो नि मादीही. त्यामुळे झाडून सगळे अंडी घालतात, एकेक जण दिवसाला हजारोंनी.

## अंड्यापासून गवताच्या पात्यापर्यंत

१८७९-८० च्या अतिपावसाच्या काळात इंग्लंडमध्ये सुमारे तीस लाख मेंढ्या या आजारानं मेल्या. यकृतात चपटे किडे असतात हे युरोपातल्या मेंढपाळांना कित्येक शतकं ठाऊक होतं. ते येतात कुठून, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाणथळ कुरणात चारली की मेंढी खराब होते, इतकंच ते सांगायचे. त्या संकटानंतर ऑक्सफर्डमधले तरुण प्राणिशास्त्रज्ञ ए. पी. थॉमस आणि जर्मनीत लाइपझिगचे रुडॉल्फ ल्यूकार्ट या प्रश्नाच्या मागे लागले. १८८१ ते १८८३ च्या दरम्यान दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याचा उलगडा केला. मेंढपाळांचं निरीक्षण बरोबर होतं. त्या ओल्या कुरणात एक बारीक गोगलगाय राहत होती.

घडतं ते असं. बाधित जनावराच्या शेणाबरोबर अंडी बाहेर पडतात. शेण कोरड्या जागी पडून वाळलं तर खेळ तिथंच संपतो. ते पाण्यात गेलं, किंवा पावसानं धुऊन डबक्यात पोचलं, तर उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत अंड्याच्या आत एक सूक्ष्म जीव तयार होतो. अंड्याला चक्क झाकण असतं. उजेड पडला की ते उघडतं आणि अंगभर केसांसारखे तंतू असलेला हा जीव पोहत निघतो. त्याला काही खाता येत नाही. अंगात जेवढी शिदोरी आहे तेवढ्यावर, साधारण दिवसभरात, त्याला योग्य जातीची गोगलगाय गाठायची असते. नाही गाठली तर तो मरतो, आणि बहुतेक मरतातच.

जो गाठतो, तो तिच्या मऊ अंगात घुसतो. आजार गावभर पसरण्याएवढा मोठा होतो तो इथं. केळीचं टिश्यू कल्चर आपल्याला ठाऊक आहे: एका निवडक कंदाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत शेकडो हुबेहूब रोपं तयार करतात, त्याला ना फूल लागतं ना बी. गोगलगायीच्या आत नेमकं हेच चालतं. आत शिरलेल्या एका जीवापासून, नर-मादीचा काही संबंध न येता, महिना-दोन महिन्यांत शेकडो नवे जीव तयार होतात. या नव्या जीवांना शेपटी असते. ते गोगलगायीतून बाहेर पडतात, थोडा वेळ पाण्यात पोहतात, गवताच्या किंवा भाताच्या पात्याला चिकटतात, शेपटी टाकून देतात आणि अंगाभोवती टणक कवच करून गप्प बसतात. या अवस्थेला पुढे आपण कोष म्हणू. ओलाव्यात कोष आठवडेच्या आठवडे तग धरतो. कडक उन्हात वाळला तर मरतो.

म्हैस ते पातं खाते. आतड्यात कवच विरघळतं, पिल्लू कृमी आतड्याची भिंत भोकसून पोटाच्या पोकळीत येतो, तिथून यकृताच्या पृष्ठभागावर आणि मग यकृताच्या आत. पुढचे कित्येक आठवडे तो यकृत पोखरत फिरतो. शेवटी पित्ताच्या नळीत मुक्काम करतो, वयात येतो आणि अंडी घालू लागतो. गवत खाल्ल्यापासून अंडी शेणात दिसेपर्यंत आपल्याकडच्या जातीला तीन ते चार महिने लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे औषधाच्या वेळी लागणार आहे.

आणखी एक खुलासा. मराठवाड्यात २०२२ मध्ये ज्या शंखी गोगलगायीनं सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, ती ही नव्हे. ती जमिनीवरची, मोठी. यकृतातल्या कृमीला लागणारी गोगलगाय गोड्या पाण्यात राहते. तपकिरी, पातळ शिंपल्याची आणि नखाएवढी. संथ पाण्यात, शेवाळाच्या आसपास, कालव्याच्या कडेला ती सापडते.

## मग सूज जबड्याखाली का?

यकृत जी अनेक कामं करतं त्यातलं एक म्हणजे अल्ब्युमिन नावाचं प्रथिन तयार करणं. हे प्रथिन रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. कृमी रक्त पितात, पित्तनळीच्या खराब झालेल्या भिंतीतून अल्ब्युमिन झिरपून जातं, आणि पोखरलेलं यकृत ते पुरेसं भरून काढू शकत नाही. मग पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून सैल कातडीखाली साठतं. चरताना जनावराची मान दिवसभर खाली, म्हणून ते उतरतं जबड्याखाली. रात्री जनावर बसून रवंथ करतं तेव्हा डोकं वर असतं. त्यामुळे संध्याकाळी मोठी दिसणारी सूज सकाळी बरीच ओसरलेली असते. ही सूज हाताला थंड आणि मऊ लागते, दाबली तर जनावराला दुखत नाही.

हे नीट पाहणं जिवावरचं आहे, कारण पावसाळ्यात घटसर्पातही गळ्याला सूज येते. घटसर्पाची सूज गरम आणि दुखरी असते, जनावराला सणकून ताप भरतो, श्वास घोरल्यासारखा होतो आणि ते काही तासांत दगावू शकतं. तिथं वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर. गोलकृमींच्या काही जाती रक्त पितात, त्यांच्यामुळेही अशीच थंड सूज येते. नुसत्या फोटोवरून निदान करायला चांगला डॉक्टर का कू करतो ते यामुळेच.

मेंढ्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. एकाच वेळी शेकड्यांनी कोष पोटात गेले तर पिल्लू कृमी मिळून यकृताची चाळण करतात, आत रक्तस्राव होतो आणि मेंढी सूज येण्याआधीच मरते. दिवाळीनंतर घाटावरून कोकणात उतरणारे धनगर भाताच्या कापलेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात. शेताला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य. पण ज्या खाचरांत ओल टिकलेली आहे तिथल्या हिरव्या फुटव्यावर खांड सोडायची की नाही, हा प्रश्न मेंढपाळाच्या वर्षभराच्या कमाईचा असतो.

## कुठं लागतो, कधी लागतो?

जिथं संथ पाणी, गोगलगाय आणि जनावराचं शेण एकत्र येतं तिथं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मामा (माजी मालगुजारी) तलाव, कोकणातली भातखाचरं, धरणांच्या फुगवट्याचे काठ, पाझरणारे कालवे. उघड्या माळावर चरणाऱ्या आणि विहिरीचं पाणी पिणाऱ्या जनावराला हा आजार सहसा होत नाही.

पावसाळ्यात गोगलगायी वाढतात, अंडीही धुऊन पाण्यात जातात. सप्टेंबरपासून कोष मोठ्या संख्येनं तयार होऊ लागतात. पुढे रान वाळत जातं तसतशी हिरवळ उरते ती फक्त पाण्याच्या काठाला, आणि गावची सगळी गुरं तिथंच गोळा होतात. म्हणजे कोष सर्वांत जास्त जिथं आहेत तिथंच सर्वांत जास्त तोंडं. यात दोष ना गुराख्याचा ना मालकाचा. जानेवारीत हिरवा चारा दुसरीकडे कुठं मिळणार?

गोठ्यात बांधून घातलेलं जनावरही पूर्ण सुरक्षित नसतं. भाताच्या पेंढ्याचा, विदर्भात ज्याला तणीस म्हणतात त्याचा, खालचा भाग पाण्यात उभा राहिलेला असतो आणि कोष असतात ते तिथंच. इंडोनेशियात भातशेती करणाऱ्यांना शास्त्रज्ञांनी सांगितलेला उपाय साधा होता: जनावरासाठी धांडा कापताना बुडखा शेतातच सोडा, वरचा भाग घ्या, आणि उन्हात नीट वाळवून मगच घाला. आपल्याकडे पेंढा वाळवून उडवी रचतातच. धोका असतो तो ओल्या, ताज्या पेंढ्याचा आणि बांधावरून कापून आणलेल्या गवताचा.

## "दरवर्षी जंताचं औषध पाजतो, तरी हे कसं?"

हा प्रश्न मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलाय, आणि त्यामागचा वैताग रास्त आहे. औषधाला पैसे पडलेले असतात.

पहिली गोष्ट, जंताचं प्रत्येक औषध प्रत्येक जंतावर चालत नाही. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन गोलकृमी आणि गोचिडांसाठी उत्तम, पर्णकृमींवर त्याचा काहीही परिणाम नाही. फेनबेंडॅझोल नेहमीच्या मात्रेत यकृतातल्या कृमींचं काही बिघडवत नाही. अल्बेंडॅझोल वाढीव मात्रेत काम करतं, पण गाभणपणाच्या सुरुवातीच्या काळात ते धोक्याचं. त्यामुळे दुकानात जाऊन नुसतं 'जंताचं द्या' म्हटलं तर जे मिळेल ते नेमकं या कृमीवरचं असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट वयाची. ऑक्सिक्लोझॅनाइडसारखं औषध पित्तनळीत स्थिरावलेले मोठे कृमी मारतं. यकृत पोखरत फिरणारी पिल्लं त्यातून वाचतात आणि महिन्या-दोन महिन्यांत मोठी होऊन अंडी घालू लागतात. औषध ऑक्टोबरमध्ये पाजलं आणि जनावर डिसेंबरात पुन्हा खंगलं, तर औषध भेसळीचं होतं असं लगेच समजू नये. ट्रायक्लाबेंडॅझोल कोवळ्या कृमींनाही मारतं, म्हणून ते सर्वांत उपयोगी मानतात. मात्र त्याचा अंश बरेच दिवस दुधात उतरतो. दुभत्या जनावराला कोणतं द्यायचं आणि किती दिवस दूध विकायचं नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

तिसरी गोष्ट मात्रेची. औषध वजनावर द्यायचं असतं. एक बाटली दोन म्हशींत वाटली तर दोघींनाही अपुरं पडतं, आणि अपुऱ्या मात्रेतून जे कृमी वाचतात ते औषधाला निगरगट्ट होत जातात. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात मेंढ्यांमधले कृमी ट्रायक्लाबेंडॅझोलला दाद देईनासे झाले, पुढे युरोपातल्या अनेक देशांतही तेच घडलं. कोवळ्या कृमींवर इतकं चालणारं दुसरं औषध हाताशी नाही. जे आहे ते जपून वापरायला हवं.

## "शेण तपासलं, काही निघालं नाही"

दोन शक्यता. एक, कृमी अजून कोवळे आहेत. यकृत पोखरलं जातंय पण अंडी घालायला सुरुवात झालेली नाही, मग शेणात सापडणार काय? दोन, तपासणीची पद्धत. जंतांची अंडी शोधताना बऱ्याचदा शेण मिठाच्या दाट पाण्यात ढवळून वर तरंगणारी अंडी बघतात. पर्णकृमींची अंडी जड असतात, ती वर येत नाहीत. त्यासाठी शेण पाण्यात कालवून, गाळून, खाली बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. त्या गाळात यकृतातल्या कृमीचं अंडं सोनेरी-पिवळं दिसतं. कोटीपोटात राहणाऱ्या दुसऱ्या पर्णकृमीचं अंडं आकारानं तसंच, पण बिनरंगी. पशुवैद्यकीय दवाखान्यात नमुना देताना 'पर्णकृमींसाठी बघा' एवढं सांगितलं तरी फरक पडतो. नमुना ताजा, त्याच सकाळचा द्यावा.

## "मग गोगलगायीच मारून टाकू"

पूर्वी तळ्यात मोरचूद टाकून पाहायचे. त्यानं गोगलगायी मरतात, मासेही मरतात, आणि ते पाणी जनावरांनाही घातक होतं. शिवाय काही गोगलगायी चिखलात दडून बसतात, कोरडे महिनेही काढतात आणि पाणी आलं की पुन्हा वर येतात. वाढीचा वेग असा की मूठभर वाचल्या तरी पुढच्या हंगामात तळं भरून टाकतात. मला या मार्गात अर्थ दिसत नाही.

त्याहून विचार करण्याजोगा प्रयोग इंडोनेशियातला. बदकांच्या पोटात एक वेगळा पर्णकृमी असतो. त्याची पिल्लंही त्याच गोगलगायीत वाढतात आणि आत भेटलेली गुरांच्या कृमीची पिल्लं खाऊन टाकतात. म्हणून शेतात गुरांचं शेण जिथं जातं तिथंच बदकांची विष्ठा जाईल अशी सोय केली, तर गोगलगायीतून निघणारे गुरांचे कृमी घटतात. बदकं गोगलगायी मटकावतात तो फायदा वेगळा. कोकणात आणि पूर्व विदर्भात हे करून बघण्यासारखं आहे.

बाकी उपाय साधे पण कष्टाचे. पाणवठ्याला हौद बांधून जनावराला तळ्यात न उतरवता पाणी पाजणं. गळक्या कालव्याच्या कडा दुरुस्त करणं. ताजं शेण भातखाचरात न टाकता उकिरड्यात कुजवून मग टाकणं, कारण कुजताना तयार होणाऱ्या उष्णतेनं अंडी मरतात.

## भाऊबंद

यकृतातला कृमी एकटा नाही. कोटीपोटात राहणारे पर्णकृमी जाडसर, गुलाबी असतात. मोठे झाल्यावर ते फारसा त्रास देत नाहीत. पण त्यांची पिल्लं आधी लहान आतड्यात वाढतात आणि तिथं हजारोंनी असली तर घाण वासाची, पाण्यासारखी हगवण लागते. वासरं त्यातून दगावतात.

दुसरे रक्तवाहिन्यांत राहतात. त्यांच्यात नर वेगळा, मादी वेगळी, आणि मादी आयुष्यभर नराच्या अंगावरच्या खाचेत बसून असते. त्यांना कोष लागत नाही, गवत खावं लागत नाही. पाण्यात उभ्या जनावराच्या कातडीतून ते थेट आत शिरतात. त्यांच्यातली एक जात नाकातल्या शिरांमध्ये राहते. बैलाच्या नाकात फुलकोबीसारख्या गाठी वाढतात, श्वासाचा घर्रघर्र आवाज लांबून ऐकू येतो आणि बैल औताला दमतो. हाच कृमी म्हशीत मुकाट राहतो, लक्षण जवळजवळ दिसत नाही, आणि म्हैस पाण्यात डुंबताना अंडी पसरवत राहते.

युरोपातल्या एका लहानशा पर्णकृमीला तर पाणीही लागत नाही. त्याचा प्रवास जमिनीवरच्या गोगलगायीतून मुंगीत होतो. मुंगीच्या डोक्यात शिरलेला एक जीव तिचं वागणं बदलतो: हवा गार झाली की ती वारुळात न जाता गवताच्या शेंड्यावर चढते आणि जबड्यानं पातं घट्ट धरून बसते, नेमकी मेंढी चरेल तिथं. ऊन तापलं की खाली उतरून नेहमीच्या कामाला लागते. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्रल आणि मेप्स यांनी या चक्रातली मुंगी शोधून काढली, तोवर हा कृमी मेंढीत पोचतो कसा हे कोडंच होतं.

## जंगलातल्या जनावरांचं काय?

हत्तीच्या यकृतात त्याचा स्वतंत्र पर्णकृमी असतो. चितळ, सांबर, रानगवे आणि गावची गुरं जंगलाच्या कडेला एकाच तळ्यावर येतात, आणि कृमीला पाळीव-जंगली हा भेद कळत नाही. म्हणून 'हरणांमुळे आमची गुरं आजारी पडतात' असं कुणी म्हटलं तर उलट दिशाही लक्षात घ्यावी लागते. गुरांची संख्या कैकपट जास्त, त्यांचं शेणही.

माणसानं हा गोंधळ वाढवल्याचंही उदाहरण आहे. उत्तर अमेरिकेतल्या हरणांचा एक मोठा पर्णकृमी शिकारीसाठी आणलेल्या हरणांबरोबर इटलीत तुरीनजवळच्या राजाच्या शिकारी उद्यानात पोचला. १८७५ मध्ये बास्सी यांनी तो तिथं नोंदवला. नंतर मध्य युरोपातल्या हरणांतही तो पसरला. मूळच्या अमेरिकी हरणांना त्याची सवय होती, युरोपातल्या 'रो' जातीच्या हरणांना आणि मेंढ्यांना नव्हती. मेंढीत दोन-चार कृमीही जीव घेतात.

## माणसाला होतो का? कलेजी खावी का?

शिजवलेल्या कलेजीतून हा आजार होत नाही. यकृतातला कृमी हा चक्राचा शेवटचा टप्पा आहे, लागण होते ती कोषातून. कृमी दिसलेली कलेजी खाटकानं टाकून द्यावी हे योग्यच, पण नकळत खाल्ली गेली म्हणून घाबरू नये.

माणसाला लागण होते ती पाण्यातल्या कच्च्या पाल्यातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सत्तरहून अधिक देशांत किमान २४ लाख लोकांना यकृतातल्या पर्णकृमीची बाधा आहे. बोलिव्हियाचं पठार आणि इजिप्तमधला नाईलचा त्रिभुज प्रदेश ही त्याची मोठी ठाणी. आपण पालेभाजी शिजवून खातो, हे मोठं संरक्षण आहे. नाळीची भाजी ओल्या जागेत वाढते, ती कधीही कच्ची खाऊ नये. उत्तर प्रदेश, बिहार, आसामात डुकरांचा एक मोठा पर्णकृमी माणसाच्या आतड्यात आढळतो, कारण तळ्यातला ताजा शिंगाडा दातांनी सोलतात आणि सालीवरचे कोष तोंडात जातात. उपवासाचं शिंगाड्याचं पीठ वाळवलेल्या शिंगाड्याचं असतं, त्यात हा धोका नाही. ताजा शिंगाडा उकडून खावा.

ईशान्य थायलंडमध्ये गोड्या पाण्यातला कच्चा मासा खाण्याच्या सवयीतून येणारा पर्णकृमी पित्तनळीच्या कर्करोगाला कारण ठरतो. तिथं कुत्री-मांजरंही त्याला पोसतात. आणि आपल्याही नकाशावर एक नोंद आहे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण शोधले. त्यांच्या मूत्राशयाच्या शिरांत पर्णकृमी होते. माणसाच्या या आजाराचं भारतात सिद्ध झालेलं ठिकाण म्हणून गिमवीचंच नाव घेतलं जातं.

भातलावणीत पाय खाजून पुळ्या येतात त्यामागेही कधी कधी हेच भाऊबंद असतात. गुरांच्या रक्तातल्या कृमीचं पिल्लू चुकून माणसाच्या कातडीत शिरतं. पुढे जाता येत नाही, तिथंच मरतं, आणि कातडी चिडते.

## एकट्याच्या गोठ्यात हे का संपत नाही

चीनमध्ये माणसाला होणारा रक्तातला पर्णकृमी म्हशींतही राहतो. अनेक दशकं लोकांना औषध दिलं, रुग्ण घटले, औषध थांबलं की पुन्हा वाढले. २००५ पासून पोयांग सरोवराच्या काठच्या काही गावांत वेगळा मार्ग धरला. गोगलगायींच्या गवताळ पट्ट्यात गुरं सोडणं बंद केलं, त्या बदल्यात शेतकऱ्यांना शेतीची यंत्रं दिली, नळाचं पाणी आणि संडास दिले. काही वर्षांत त्या गावांतलं बाधितांचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं. यातली यंत्रं मला महत्त्वाची वाटतात. जनावर काढून घ्या म्हणणं सोपं, त्याच्या जागी काय देणार हे सांगून मग म्हणणं वेगळं.

आपल्याकडे म्हशी हटवायचा प्रश्नच नाही, त्या दुधावर घर चालतं. पण तळं सामाईक असतं. गावातल्या शंभर म्हशींपैकी दहांना महागडं औषध दिलं आणि नव्वद तळ्यात शेण टाकत राहिल्या, तर त्या दहा म्हशी फेब्रुवारीत पुन्हा आजारी. लाळ्या-खुरकूताची लस घरोघरी जाऊन देतात, कारण एकट्याची लस गावाला वाचवत नाही. पर्णकृमींना हाच न्याय लावायला हवा, आणि त्यासाठी नवी यंत्रणाही लागत नाही.

महाराष्ट्रात १ मे आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. मे महिन्यात बहुतेक कृमी वाढलेले असतात, त्यामुळे मोठे कृमी मारणारं साधं औषधही तेव्हा पुरतं. पावसाच्या आधी सगळ्या गुरांना ते मिळालं तर पहिल्या पाण्यात अंडीच कमी जातात. घटसर्प आणि फऱ्याची लस द्यायला दवाखान्याची माणसं मे-जूनमध्ये गावात येतातच. लसीच्या पंधरवडाभर आधी जंतनाशक द्यावं असा सल्ला तेच देतात. त्या खेपेला यकृतातल्या कृमीवर चालणारं औषध आणा, एवढा ठराव पुरेसा आहे. २ ऑक्टोबरच्या सभेत दुसऱ्या फेरीची तारीख ठरवावी, दिवाळीनंतरची. तेव्हा कोवळे कृमी बरेच असतात, म्हणून औषध वेगळं लागेल, किंवा तेच दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा द्यावं लागेल. दुभती किती, गाभण किती, मेंढ्या-शेळ्या किती, याची यादी आधी दवाखान्यात पोचवली तर डॉक्टरांना मात्रा आणि साठा दोन्ही धरून ठेवता येतात.